बारा वाव दोर

माझ्या कयाकचा नांगर मी घरी केला, असं मी लोकांना सांगते. त्यात खोटं काही नाही. पण कोणी खोलात शिरलं की उत्तर लांबत जातं. साखळी काकींच्या गोठ्यातली. शिसं आबांच्या फाटक्या जाळ्यांतून काढलेलं. सळ्या शेजारच्या बांधकामावर उरलेल्या, त्यांचे पैसे कोणी घेतले नाहीत. कप्प्या आईच्या पुण्याच्या घरातल्या, छताला टांगायच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या. वेल्डिंग मालवणच्या एका दुकानात झालं, तिथेही 'पुढच्या वेळी बघू' म्हणून माझं पाकीट परत पर्समध्ये गेलं. आणि दोर, म्हणजे या सगळ्यातली सर्वांत मोलाची वस्तू, उसना. माझं त्यात काय, तर कयाक आणि हौस. नांगर घरी केला हे खरंच आहे, फक्त घर आबांचं होतं.

मालवणच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवायला मी बदली होऊन आले आणि राहायला देवबागला खोली घेतली. देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. पलीकडच्या काठाला भोगवे. माझ्या खोलीतून दोन्हीकडचं पाणी ऐकू यायचं आणि गरवायला जावं असं कुठल्या बाजूनं वाटेल याचा नेम नसायचा. गावातली माणसं जेटीवरून, होडीतून, खडकावरून गरवतात. मला खाडीच्या मध्यात जायचं होतं, म्हणून एकाकडून वापरलेली कयाक घेतली. अकरा फुटी, वर बसायची, प्लास्टिकची, वजन अठ्ठावीस किलो. एकटीनं ओढत पाण्यापर्यंत नेता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

खाडीत मासा कुठेही नसतो. तो धारेच्या कडेला असतो. चोणक खडकाच्या आडोशाला तोंड वळवून उभी राहते, तांबोशी तिवरांच्या मुळांत दबा धरते, पालू कालवांच्या खडपावर चरतो. त्या नेमक्या जागेच्या वर राहायचं तर कयाक धरून ठेवावी लागते. ओहोटीच्या धारेत एका हातात गळाची काठी आणि दुसऱ्या हातात पॅडल घेऊन ते जमत नाही. म्हणून नांगर.

कयाकवाल्यांमध्ये एक घडीचा, चार पाकळ्यांचा, दीड किलोचा नांगर फार चालतो. सोबत थोडा दोर, पिशवी, सगळं आयतं. मीही तोच मागवला होता. खडकात तो बरा अडकतो. कर्लीच्या गाळात मात्र त्याच्या आखूड पाकळ्या लोण्यातून सुरी फिरावी तशा फिरतात. आबा जेटीवर बसून हे बघत होते. मी काठाला लागले तेव्हा त्यांनी कयाककडे बोट केलं.

"हो डबो खंय गावलो गो तुका?"

कयाकला त्यानंतर त्यांनी दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

आबा गाबीत, इथल्या मासेमार समाजातले. उभी हयात रापणीवर आणि स्वतःच्या होडीवर गेलेली. मी आले तेव्हा एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि मुलांनी समुद्र बंद केला होता, म्हणून दिवसभर जेटीवर बसून इतरांच्या चुका मोजणं हा त्यांचा धंदा. त्यांचं खरं नाव इथे लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय. 'नाव छापून इला की लोक उधारी मागूक येतत', हे त्यामागचं कारण.

नांगर हा विषय त्यांनी माझ्या अपेक्षेच्या उलट्या टोकाकडून काढला. मला वाटलं होतं की आधी वजन, मग आकार, मग दोर. आबा म्हणाले, "नांगर टाकूक कोणय शिकवीत. तू आधी सोडूक शीक." आणि पहिल्या संध्याकाळी त्यांनी नांगराचं नावही न काढता मला घरातली सुरी आणायला लावली. ती सुरी कुठे ठेवायची, कोणत्या हातानं काढायची, दोर कुठे कापायचा, हेच चाललं होतं. डोळे मिटून सुरी काढायला लावली. उलट्या हातानं लावली. आबांच्या घरच्या काकी ओट्यावरून म्हणाल्या, पोरगी मासे धरायला चालली आहे की मारामारीला?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मोठ्या होडीला नांगर अडकला तर इंजिन आहे, चार माणसं आहेत. कयाकला यातलं काहीच नाही. माझी कयाक जेमतेम अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर रुंद. दोर कडेला, बसल्या जागेच्या बाजूला बांधला की धार कुशीवर येते. दोर ती कड खाली ओढतो, पाणी तिच्यावर चढायला बघतं, आणि दोघं एकाच दिशेनं काम करतात. दोर हातातून सुटला नाही तर कयाक उलटी होते. उलटल्यावरही ती तिथेच बांधलेली असते आणि धार चालूच असते. "पाण्याक नाळ दाखव, कूस दाखवू नको. बाजूक बांधलंस तर मेलंस." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की पुढे काकीच मी निघाले की विचारायच्या, नाळेला बांधलंस ना गो?

नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधायचं खरं, पण कयाकमध्ये बसल्या जागेवरून नाळेपर्यंत हात पोचत नाही. पुढे सरकत गेलं तर तोल जातो. यावरची तोड मात्र आबांची नाही, ती जगभरच्या कयाकवाल्यांची. कयाकच्या एका बाजूला, नाळेशी एक आणि मागच्या टोकाशी एक अशा दोन कप्प्या लावायच्या. त्यांतून पाच मिलिमीटरची दोरी ओवून तिचा बंद फेरा करायचा आणि त्या फेऱ्यात एक स्टीलची रिंग गुंफायची. नांगराचा दोर रिंगेतून जातो. बसल्या जागेवरून फेरा ओढला की रिंग नाळेपर्यंत पळते किंवा पार मागे जाते. वारा आणि धार बघून टोक बदलता येतं आणि जागचं हलावं लागत नाही. दोराचं मोकळं टोक मात्र हाताशी, एका झटक्यात सुटेल अशा खाचेत.

कप्प्यांसाठी मी मालवण, कुडाळ पालथं घातलं. जहाजी सामानातल्या कप्प्या माझ्या पगाराच्या मानानं भलत्याच होत्या आणि हार्डवेअरच्या लोखंडी कप्प्या खाऱ्या पाण्यात महिनाभर टिकतील अशाही वाटेनात. पुण्याला गेले तेव्हा आईच्या गॅलरीत मान वर करून बघत बसले होते. छताच्या स्टँडला नायलॉनच्या चाकाच्या लहान लहान कप्प्या असतात, मीठ त्यांचं काही करू शकत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, घे, पण मग साड्या कुठे वाळत घालू ते सांग. दोन कप्प्या काढल्या. त्या स्टँडचं एक टोक आजही सुतळीनं बांधलेलं आहे आणि आई आल्यागेल्याला त्याचं कारण सांगते.

रिंगेचं एक सांगण्यासारखं आहे. बाथरूमच्या सामानात मिळणारं स्टील बहुधा 304 जातीचं असतं. खाऱ्या पाण्यात त्यावर तपकिरी टिपके उठतात आणि टिपक्यांखाली खड्डे पडतात. 316 जातीत मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला पुष्कळ पुरून उरतं. हे मी वर्गात शिकवते. आबांना मी ते मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा त्यांनी होडीवरचं पितळी कडं दाखवलं, म्हणाले वडिलांच्या वेळचं आहे. मी गप्प बसले.

आता मुख्य काम, नांगर. आबांच्या होडीचा नांगर बारा मिलिमीटरच्या सळ्यांचा होता, खडकात अडकला की होडीच्या ओढीनं त्याच्या नख्या सरळ व्हायच्या आणि नांगर सुटून यायचा. घरी येऊन दगडावर ठेवून हातोडीनं पुन्हा वाकवायच्या. म्हणजे नांगर कमकुवत असणं हाच त्याचा गुण. पण बारा मिलिमीटरची सळी कयाकमध्ये बसलेल्या माझ्या ओढीनं सरळ होणार नाही, हे आबांनी माझ्या दंडाकडे बघूनच ठरवलं. आठही जाड म्हणाले. शेवटी सहा मिलिमीटर. आणि साधी, गुळगुळीत, मऊ सळी. बांधकामावरची नक्षीची टीएमटी सळी चालायची नाही, कारण तिचं बाहेरचं कवच कडक केलेलं असतं, पुन्हापुन्हा उलटसुलट वाकवली की तडे जातात. सुदैवानं शेजारच्या स्लॅबच्या कामावर रिंगांसाठी आणलेल्या साध्या सळ्या उरल्या होत्या.

मी कागदावर हिशेब मांडला. सळीच्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे दर मीटरचं किलोतलं वजन, हे सूत्र प्रत्येक साइट इंजिनियरला झोपेतही येतं. सहाची सळी म्हणजे मीटरला 222 ग्रॅम. साठ सेंटिमीटरचे चार तुकडे, साधारण अर्धा किलो. त्यावर अर्ध्या इंची पाइपचा फूटभर तुकडा. चार सळ्या एकत्र धरल्या की त्यांची जुडी साडेचौदा मिलिमीटरच्या वर्तुळात बसते, आणि अर्ध्या इंची पाइपचा आतला व्यास सोळाच्या आसपास असतो. म्हणजे सळ्या पाइपमध्ये घट्ट जातात आणि फटींत शिसं ओतायला जागा राहते. आबांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. मग पाइप आणि सळ्या तळहातावर तोलून म्हणाले, शिसं ओतल्यावर सव्वा किलो होईल. माझा हिशेबही तिथेच येत होता, पण मला त्यासाठी अर्धी संध्याकाळ लागली होती.

शिसं ओतण्याचा दिवस मला नीट आठवतो. आबांच्या मागीलदारी करवंट्यांचा जाळ केला. करवंटीचा विस्तव भलताच तापतो आणि शिसं 327 अंशांना वितळतं, त्यामुळे भात्याची गरज पडली नाही. जुन्या जाळ्यांतून काढलेल्या शिशाच्या गोळ्या, वर्षानुवर्षांच्या मिठानं पांढुरक्या झालेल्या, लोखंडी पळीत टाकल्या. आधी नुसत्या काळवंडल्या. मग एकीच्या कडेनं चकाकी पाझरली, आणि बघता बघता पळीत राखेच्या सायीखाली एक जिवंत, जड, थरथरतं तळं झालं. आबांनी नारळाच्या हिराच्या काडीनं साय बाजूला केली. वारा पाठीवर घेऊन बसायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, हे माझं. पाइपमध्ये पाण्याचा थेंब नको, हे त्यांचं. "पायप सुको आसा मा?" त्यांनी चारदा विचारलं. ओलाव्यावर तापलं शिसं पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. त्यांच्या डाव्या मनगटावर तसा एक जुना डाग आहे. पाइप आम्ही आधीच विस्तवाशेजारी तापवून ठेवला होता. सळ्यांची जुडी आत, खालचं तोंड ओल्या चिकणमातीनं नव्हे तर कोरड्या राखेत रोवून बंद केलेलं, आणि आबांनी एका धारेत, हात न कापता, पळी रिकामी केली. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यानं.

दुसऱ्या दिवशी नख्या वाकवल्या. वेल्डिंगवाल्यानं वर एक आणि खाली, जिथून नख्या फुटतात तिथे, एक अशा दोन कड्या जोडून दिल्या. खालची कडी कशाला, असं त्यानं विचारलं. आबांनी मला उत्तर द्यायला लावलं, परीक्षाच ती. साखळी वरच्या कडीला अडकवायचीच नाही. ती खालच्या कडीला पक्की करायची, नांगराच्या दांड्यालगत वर आणायची, आणि वरच्या कडीशी फक्त काथ्याच्या चार वेढ्यांनी बांधायची. रोजच्या ओढीत काथ्या धरून ठेवतो, म्हणजे ओढ वरून बसते आणि नख्या रुततात. नांगर खडकात अडकला की जोर लावून ओढायचं. काथ्या तुटतो, ओढ एकदम खालच्या कडीवर जाते आणि नांगर आला त्या वाटेनं उलटा निघतो. बाहेरच्या देशांत कयाकवाले हेच काम प्लास्टिकच्या केबल टायनं करतात. मीही तो वापरून पाहिला. चालतो. पण तुटलेला तुकडा खाडीतच राहतो, काथ्याचं तसं नाही, म्हणून काथ्याच ठेवला. किती वेढे, हे मी मासे तोलायच्या काट्याला अडकवून पाहिलं. साधारण पंधरा किलोंच्या ओढीला तुटेल इतकेच ठेवले. एवढी ओढ मी बसल्या जागेवरून कयाक न डुलवता लावू शकते.

साखळी काकींनी दिली. नांगर वजनानं धरत नाही, पडण्यानं धरतो, हे आबांचं वाक्य मी पुढे वर्गातही वापरलं. दोराची ओढ वरच्या अंगानं आली की नांगर उचलला जातो. ओढ तळालगत, आडवी आली तरच नख्या गाळात शिरतात. म्हणून नांगराच्या पुढ्यात दीडेक मीटर साखळी हवी. ती स्वतःच्या वजनानं तळावर लोळते आणि ओढ आडवी ठेवते. मी बाजारातून आणते म्हटलं तर काकी उठून गोठ्यात गेल्या. त्यांची गाय आदल्या वर्षी विकली होती, गुडघे दुखायला लागल्यावर झेपेना म्हणून. तिची साखळी खुंटीला तशीच होती. काकींनी ती पदरानं पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. नको म्हणायची सोय नव्हती. गंज टाळायला तिच्यावर जस्त चढवून घेतलं, तेवढाच माझा खर्च.

आता दोर. इथे मला बाजारातला निळा, पिवळा, स्वस्त दोर घ्यायचा होता. आबांनी तो हातात घेऊन पाण्याच्या बादलीत टाकला. तरंगला. "बघ," म्हणाले. तरंगणारा दोर देवबागसारख्या जागी घातक, कारण इथे दिवसभर पर्यटकांच्या होड्या धावतात, त्यांच्या पंख्यात दोर गेला की माझी कयाक त्यांच्यामागे. नायलॉनचा दोर बुडतो, आणि ताणला की थोडा लांबतो, त्यामुळे लाटेचा हिसका अंगावर येत नाही. त्यांनी आतून स्वतःच्या होडीचा, वापरून मऊ झालेला नायलॉनचा दोर आणला आणि माझ्यासमोर मोजला. दोन्ही हात पसरून, छातीवरून, एक वाव, दोन वाव. बारा वाव.

मग तोच दोर मला मोजायला लावला. माझे चौदा भरले, कारण माझी उंची पाच फूट. "तुझो वाव तुझो, माझो माझो." खोली मोजताना, दोर सोडताना, माझ्या हातांचं माप लागू, पुस्तकातलं नाही. मी माझ्या प्रत्येक वावाला रंगीत कापडाची चिंधी ओवली. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर सोडायचा, धारेत पाचपट. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. मोटारबोटीवाल्यांच्या पुस्तकांत सातपट सांगतात, पण तेवढा दोर कयाकमध्ये ठेवायचा कुठे हाच प्रश्न.

वेळेचं गणितही त्यांचंच. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं तर थोडाबहुत फरक पडतो, पण खाडीत उतरायचं की नाही हे ठरवायला पुरे. पहिले काही महिने मला फक्त भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास, जायची मुभा होती. उधाणाच्या ओहोटीत संगमावर नांगर टाकायला आजही नाही.

बोयाची गोष्ट राहिली. दोराचं मोकळं टोक खाचेत असतं, त्याच्याही शेवटी एक लहान बोया बांधलेला. मोठा मासा लागला, किंवा एखादी होडी अंगावर यायला लागली, की नांगर ओढत बसायचं नाही. दोर खाचेतून काढायचा, बोया पाण्यात टाकायचा, आणि निघायचं. नांगर तळाला, बोया वर, आपण मोकळे. परत येऊन बोया उचलायचा. मला पहिली खरी चोणक लागली ती तिवरांच्या कडेला. तिनं एक उडी मारली, डोकं झाडलं आणि मुळांकडे सुटली. मी बोया टाकला आणि तिनं कयाक ओढत मला धारेत नेलं, मुळांपासून दूर. नांगराला बांधलेली असते तर काठी वाकून राहिली असती आणि दोरा मुळांत तुटला असता. चोणक मोठी होती. तिचं वजन मी सांगत नाही, गरवणाऱ्यांच्या वजनांवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये.

त्या संध्याकाळी चोणकेचं तिखलं खाताना मी आबांना सांगितलं की कयाक ही मूळची आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. त्यांचे शिकारी भाल्याची दोरी कधी कयाकला बांधत नसत. सीलच्या कातड्यात हवा भरून केलेल्या बोयाला बांधत. जनावर पळालं तर बोया ओढत पळे, माणूस कोरडा राही. आबांनी काटा बाजूला काढला, थोडा विचार केला. "शाणी माणसां ती," म्हणाले. माझ्या डब्याला त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली आणि शेवटची दाद.

काकींनी पुढे जुन्या छत्रीच्या कापडाचा एक झोळा शिवून दिला. पाण्यात टाकला की फुगतो आणि वाऱ्यानं वाहणाऱ्या कयाकला मंदावतो. खोल पाण्यात, जिथे नांगर पोचत नाही, तिथे तो कामाला येतो. टोकाला भोक ठेवायचं, नाहीतर तो गरगरत राहतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

भोगव्याच्या बाजूच्या खडकांत एकदा नांगर असा अडकला की दोर तारेसारखा उभा. वारा फिरून खारा झाला होता. नाळ धारेकडे होती म्हणून कयाक नुसती डुलत होती. दोर आखडून घेतला, रिंग नाळेवर आहे याची खात्री केली, पुढे वाकून एक सणसणीत ओढ दिली. काथ्या तुटल्याचा बारीकसा धक्का हाताला लागला आणि नांगर उलटा, नख्या वर करून, आला. एक नखी अर्धी सरळ झालेली. जेटीवर आले तेव्हा आबांनी ती नखी बोटानं चाचपली, काही बोलले नाहीत, हातोडी आणायला घरात गेले.

पैशांचा विषय मी काढला होताच. त्यांनी तो मोडीत काढला. पण वर्षभरानं, नारळी पौर्णिमा झाल्यावर, एक दिवस स्वतःच म्हणाले, "पैसे नको. दोर माझो परत दी. बारा वाव दिलंय, तेरा वाव परत दी. वरचो वाव व्याज." मी हसले. ते हसत नव्हते. गाबताचा दोर म्हणजे देणगी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. उसना दिलेला दोर परत यायलाच हवा, तरच पुन्हा कोणाला देता येतो. मी मालवणातून नवा नायलॉनचा दोर आणला, त्यांच्या जुन्या मापानं तेरा वाव भरेल असा नीट मोजून. आबांनी तो ओट्यावर बसून मोजला. हात पसरले, एक, दोन, तीन. चौदा भरले, वर थोडा उरला. मी त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. पूर्वीइतके हात आता पसरत नव्हते. ते मात्र माझ्यावर रागावले, व्याज जास्त दिलं म्हणून. सुरी मागवली, चौदावा वाव आणि वरचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. त्यांचा जुना दोरही परत घेतला नाही. म्हणाले, तो आता तुझ्या वावांचा झालाय, चिंध्या काढत कोण बसणार?

म्हणजे हिशेब त्यांच्या बाजूनं चुकता झाला. माझ्या बाजूनं साखळी, शिसं, सुरीची तालीम, तिथीचं गणित आणि चौदाव्या वावाचा तो तुकडा, हे सगळं बाकी आहे, आणि ते फिटणारं नाही. त्या तुकड्यानं मी कयाक जेटीला बांधते. आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आता झालं आहे. त्यांना पूर्वीपेक्षा लांबचं दिसतं, त्यामुळे माझ्या चुकाही जास्त दिसतात.

सुट्टीत तुम्ही देवबाग-तारकर्लीला याल, भाड्यानं कयाक घ्याल, आणि कोणी हौसेनं त्यात एक नांगरही टाकून देईल. तेव्हा एवढं बघा: दोर बसल्या जागेच्या कडेला बांधलेला असेल तर तो सोडायला लावा आणि नाळेला घ्या. दोर कापायला सुरी हाताशी आहे का ते बघा. लाइफ जॅकेट घाला. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला संगमाकडे जाऊ नका. मालवणच्या किल्ल्याभोवती प्रवाळ आहे आणि तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात येतो, तिथे नांगर टाकूच नका. आणि जेटीवर एखादे म्हातारे गृहस्थ तुमच्या कयाकला डबा म्हणाले, तर रागावू नका, दोन मिनिटं थांबून ते काय सांगतात ते ऐकून घ्या.